हार घातलेला फोटो आधी काढा

पत्र थोडक्यात असं: “आमची सोलापुरातली हौशी नाट्यसंस्था. यंदा आमच्याच एका सभासदाने लिहिलेलं दोन अंकी नाटक हातात घेतलंय. दहावीत नापास झालेला मुलगा जीव देतो, अकरावीतल्या मुलीचा खासगी फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरतो, आणि त्याआधी दोघांचा गच्चीवरचा चुंबनाचा प्रसंग आहे. नऊ कलाकार 14 ते 17 वयाचे. एका शाळेने तालमीची खोली काढून घेतली, दोन पालक मुलं काढून घेतो म्हणतात, एका ‘भाऊं’चा फोनही येऊन गेला. कमिटीत दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात ते तीन प्रसंग कापा, लेखक म्हणतो काना-मात्राही हलणार नाही. प्रयोग करावा की नाही? — एक कार्यवाह, सोलापूर”

ताई, प्रयोग करा. मात्र आत्ताच्या संहितेवर करू नका आणि घाईने तर नकोच.

तुमच्या कमिटीतले दोन्ही तट लोक काय म्हणतील यावर भांडताहेत. लोकांचं नंतर बघू. पत्रात नऊ मुलांचा उल्लेख अर्ध्या ओळीत आलाय आणि आमच्या मते खरा विषय तोच आहे. प्रेक्षक हे नाटक एकदा बघून घरी जाणार. मुलं तेच प्रसंग दोन-अडीच महिने, आठवड्यातून पाच संध्याकाळी अंगावर घेणार. त्यांच्या बाजूने बंदोबस्त चोख असला की पालकांना, शाळेला आणि भाऊंना द्यायची निम्मी उत्तरं आपोआप तयार होतात.

सुरुवात संहितेपासून. पेन्सिल घेऊन चार गोष्टींना चार खुणा करा: स्वतःला इजा, अंगाला स्पर्श, मारहाण, आणि जातीवरून किंवा शरीरावरून शिवी. प्रत्येक खुणेपाशी समासात एकच गोष्ट लिहा, हा प्रसंग नसेल तर पुढचा कोणता प्रसंग कोसळतो. काहीच कोसळत नसेल तर तो प्रसंग फक्त दचकवायला आहे, लेखकाने कितीही शपथा घेतल्या तरी. काही कोसळत असेल तर तो राहील, कसा दाखवायचा एवढंच ठरवायचं.

मुलाच्या मरणाबद्दल आम्ही जरा हट्टाने बोलणार आहोत. संहिता आम्ही पाहिलेली नाही, पण एकांकिका स्पर्धांत या विषयाचा शेवट इतका ठरलेला असतो की पैज लावता येईल. स्टूलवर मुलाचा मोठा केलेला फोटो, त्याला चंदनी हार, समोर समई. बाप गुडघ्यावर कोसळतो, “बाळा, चुकलो रे मी.” शिक्षक मान खाली घालतात, ती मुलगी हुंदके देते, मागे बासरी, प्रकाश हळूहळू फोटोवर येऊन थांबतो. टाळ्या पडतात, बक्षीसही मिळतं. आता हेच दृश्य सातव्या रांगेत बसलेल्या, नुकत्याच नापास झालेल्या पोराच्या डोळ्यांनी बघा. जिवंतपणी ज्याचं कोणी ऐकलं नाही, त्याची मेल्यावर सगळ्यांनी माफी मागितली. दोन तासांच्या नाटकात त्या मुलाला मिळालेली एकुलती एक गोष्ट म्हणजे तो हार. म्हणून हारवाला फोटो सगळ्यात आधी काढा.

जागतिक आरोग्य संघटनेने रंगमंचावर आणि पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी 2019 मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढली. आपल्या कामापुरता तिचा अर्थ असा. कृतीची पद्धत दाखवू नये, सांगूही नये. म्हणजे दोर, बाटली, रेल्वेरूळ, तलाव यातलं काहीही नको, आणि गावातल्या खऱ्या जागेचं नाव तर अजिबात नको. चिठ्ठीचं वाचन नको. एकच कारण ठोकून देऊ नये. “नापास झाला म्हणून” हे वाक्य खोटं असतं, त्यामागे झोप उडालेली असते, मित्र तुटलेले असतात, घरातली धुसफूस असते, आणि बहुतेक वेळा कोणी तरी आधी काही ऐकलेलं असतं. नाटकाला खरा मालमसाला त्या ऐकलेल्या वाक्यात सापडेल. मुलगा पहिल्या अंकात वही, बॅट, सायकल वाटून टाकतो आणि कोणाच्याच लक्षात येत नाही, हा प्रसंग मरणापेक्षा जास्त टोचतो. मग एक जण थेट विचारतो, “जीव द्यायचं डोक्यात आहे का बे?” असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात विचार घुसतो ही समजूत चुकीची आहे. विचारण्याने बोलायला वाट मिळते. विचारणारा नंतर त्याला एकटा सोडत नाही आणि कोणा मोठ्या माणसाकडे घेऊन जातो, एवढं रंगमंचावर घडलं तर प्रेक्षकातल्या मुलांना करून बघण्याजोगं काही मिळेल. लेखकाला मरण ठेवायचंच असेल तर ते अंकांच्या मधल्या काळात, प्रेक्षकांच्या नजरेआड घडू द्या. आमचा कौल मात्र मुलगा वाचावा याकडे आहे, कारण वाचलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात जावं लागतं आणि तिथून पुढे लिहिणं अवघड आहे. आपल्याकडचे बरेच लेखक तिथेच पडदा पाडून मोकळे होतात.

या भागात इन्स्पेक्टरचं पात्र असेल तर त्याचे संवाद पुन्हा तपासा. “आत्महत्येचा प्रयत्न केलास, केस होईल” हे वाक्य आता शिळं झालंय. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या 309 कलमासारखं सरसकट कलम ठेवलेलं नाही. मदत मागितली तर पोलीस येतील, या भीतीने घरचे गप्प बसतात. त्या भीतीला नाटकाने खतपाणी घालू नये.

फोटोचा प्रसंग लेखकाला वाटतो त्यापेक्षा सोपा आहे आणि कमिटीला वाटतो त्यापेक्षा धोक्याचा. फोटो कुठेही दिसता कामा नये, आणि तालमीसाठी ‘नुसता डमी’ म्हणूनही काढला जाता कामा नये. अल्पवयीन मुलीचं तसलं काहीही चित्र बनवणं किंवा जवळ ठेवणं मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67ब यांच्या कचाट्यात येतं, हेतू कितीही चांगला असो. रंगमंचावर गरज असते ती फक्त उजेडाची. स्टेज अंधारात, सात मुलं उभी, एकाच्या हातातला फोन उजळतो, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. चेहरे पांढरे पडत जातात आणि मुलगी मधून चालत जाते. त्यासाठी प्रत्येक फोनमध्ये कोरं पांढरं चित्र उघडून ठेवा, ब्राइटनेस पूर्ण, स्क्रीन आपोआप बंद होण्याची सेटिंग काढलेली, फोन एअरप्लेन मोडवर. शेवटचं विसरलं तर नेमका त्याच शांततेत कोणाच्या तरी आत्याचा फोन वाजतो. फोन छातीच्या उंचीवर, हनुवटीपासून वीतभर अंतरावर धरायला सांगा. खाली धरला तर नुसतं नाक उजळतं आणि हॉलमध्ये हशा पिकतो.

गच्चीवरच्या प्रसंगाला सोलापूरकरांना उपाय शोधत लांब जायला नको. दोरीवर दोन चादरी वाळत घाला. दोघं मागे जातात, प्रेक्षकांना फक्त पावलं दिसतात, चार पावलं जवळ येतात, चादर जराशी हलते, खालून आईची हाक येते. आपली जेकार्ड चादर जाड असते, मागून प्रकाश टाकला तरी सावली पडत नाही, आणि इथे तेच हवंय. ती जडही असते, म्हणून साधी सुतळी मध्ये झोळ खाते. तार वापरा किंवा दोन्ही टोकं विंगेतल्या खांबांना ताणून बांधा. चादरीची खालची कड स्टेजपासून दीड फूट वर ठेवा, मग पहिल्या आणि शेवटच्या रांगेत स्वतः बसून बघा. पहिल्या रांगेतला माणूस खालून वर बघत असल्याने त्याला जास्त दिसतं. मागे दोघांमध्ये हातभर अंतर राहील अशा खडूच्या खुणा करा. स्पर्शच नाही म्हटल्यावर आत्ताची मुलंच हा प्रसंग करू शकतील. उघड चुंबनच हवं असा लेखकाचा आग्रह असेल तर त्या दोन भूमिकांना 18 पूर्ण झालेलेच कलाकार घ्या. यात घासाघीस करू नका.

बापाच्या थोबाडीचंही तसंच. हात गालापासून वीतभर दूरून जातो, आवाजाची टाळी मार खाणारा स्वतः छातीपाशी वाजवतो, मारणाऱ्याची पाठ प्रेक्षकांकडे. एक-दोन-तीन मोजून बसवा आणि प्रयोगाच्या रात्री ‘आज जरा खरीच लागू दे’ म्हणणाऱ्या नटाला त्याच संध्याकाळी बदला.

आता तालमी. बालकामगार कायद्याच्या 2017 मध्ये सुधारलेल्या नियमांत बालकलाकारांसाठी काही मापं दिली आहेत: दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि दर पाच मुलांमागे एक जबाबदार मोठी व्यक्ती. हे नियम दृकश्राव्य निर्मिती आणि व्यावसायिक कार्यक्रमांना डोळ्यांसमोर ठेवून केलेत, हौशी संस्थेनेही हीच मापं धरावीत. तुमच्याकडे नऊ मुलं म्हणजे दोन व्यक्ती, त्यातली एक बाई, आणि दोघांनाही नाटकात दुसरं काम नको. संध्याकाळी सहा ते साडेआठ पुरे. त्यानंतर विडी घरकुल किंवा जुळे सोलापूरकडची मुलगी घरी कशी जाणार, हे पहिल्याच दिवशी वहीत नावासमोर लिहून ठेवा. ‘कोणी ना कोणी सोडेल’ हे उत्तर चालणार नाही. बंद खोलीत एक मोठा आणि एक मूल अशी तालीम कधीच नको, दिग्दर्शक कितीही ज्येष्ठ असला तरी.

जड प्रसंग आठवड्यात दोनदाच घ्या, तेही तालमीच्या मधल्या तासात. शेवटची दहा मिनिटं भूमिकेतून बाहेर यायला राखा. पात्राचं काही तरी, ओढणी, टोपी, दप्तर, खुंटीला अडकवायचं, स्वतःचं नाव सांगायचं, उद्याचं एक फालतू काम सांगायचं, मग चिवडा. बघणाऱ्याला हे बालिश वाटतं, म्हणून पहिल्या आठवड्यातच वगळलं जातं, आणि चौथ्या आठवड्यात एखादी मुलगी जेवत नाही म्हणून तिच्या आईचा फोन येतो. आणखी एक. शिबिरातून शिकून आलेले दिग्दर्शक मुलांना सांगतात, “तुला कधी मारलं होतं ते आठव आणि रड.” हे बंद करा. त्यांच्याकडून नुसत्या कृती मागा: श्वास किती वेळा, नजर कुठे, वाक्याआधी किती पावलं. रडणं त्यातून येतं, आणि नाही आलं तरी प्रसंग उभा राहतो. प्रत्येक मोठ्या भूमिकेला दुसरं मूल तयार ठेवा, म्हणजे कोणालाही कारण न सांगता बाहेर पडता येईल.

संवादांची भाषाही जाता जाता तपासा. आपल्याकडची मुलं मराठीत तेलुगू-कन्नड मिसळून बोलतात, ‘काय बे’शिवाय वाक्य सुरू करत नाहीत. तीच मुलं स्टेजवर “आई, तू मला समजूनच घेत नाहीस” असं पुणेरी रडायला लागली की प्रेक्षकातल्या पोरांचं लक्ष उडालंच म्हणून समजा.

पालकांना संहिता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. एकदा पीडीएफ सुटली की नववं पान एकटंच गावभर फिरतं. त्यांना वाचनाला बोलवा, पूर्ण नाटक, आई-वडील दोघं, मुलं सोबत नकोत. वाचनाआधी कोणते प्रसंग कसे दाखवणार हे एका पानावर लिहून द्या, वाचनानंतर संमतीपत्र घरी न्यायला द्या आणि दोन दिवसांनी परत मागा. तिथल्या तिथे घेतलेली सही पहिल्या कुजबुजीत मोडते. त्याखेरीज नाटकाशी संबंध नसलेल्या आठ-दहा मुलांसमोर एक वाचन करा, तेव्हा समुपदेशक हजर हवा. कुठे खोटं वाटतं ते हीच मुलं न लाजता सांगतील.

कागदपत्रांत पहिला क्रमांक रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचा, म्हणजे आपल्या बोलीतल्या ‘सेन्सॉर’चा. मुंबईला संहिता पाठवायला उशीर हीच हौशी संस्थांची नेहमीची चूक. प्रयोगाआधी किमान दोन-अडीच महिने द्या, आणि वर सांगितलेली दुरुस्ती करूनच पाठवा, कारण मंजूर संहिता आणि प्रयोग यात फरक पडला की तक्रार करणाऱ्याला आयता मुद्दा मिळतो. शिक्क्याच्या प्रतीच्या दोन झेरॉक्स, एक विंगेत, एक दारावरच्या माणसाकडे. मंडळाने एखाद्या जागी हरकत घेतली तर लगेच हातपाय गाळू नका. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ नाटकाच्या वेळी साडीवरच्या लाल डागाला हरकत आली तेव्हा डॉ. श्रीराम लागूंच्या संचाने तो डाग निळा दाखवला आणि हा लाल समजा असं प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलं. लेखक घरचाच असला तरी त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या: किती प्रयोग, आणि बदल कोणाच्या संमतीने. काना-मात्रावाले लेखक दुसऱ्या प्रयोगानंतर संहिता परत मागतात.

शाळेने खोली काढून घेतली त्याचा राग धरू नका. मुख्याध्यापकांना संस्थाचालकांचं ऐकावं लागतं. कार्यालयाचा, वाचनालयाचा हॉल बघा. भाऊंशी फोनवर वाद घालू नका. “आपली हरकत लेखी द्या, कमिटी लेखी उत्तर देईल,” एवढंच, आणि हे बोलणारा संस्थेचा एकच माणूस असावा. बहुतेक हरकती कागदापर्यंत पोचतच नाहीत. पोचली तर ती तीनांपैकी कुठे बसते ते बघा. मुलांच्या सुरक्षिततेची असेल तर लगेच माना, कायद्याची असेल तर वकिलाला विचारा, नुसत्या आवडीनिवडीची असेल तर नम्रपणे नाकारा. ‘संस्कृतीला धक्का’ ही तिसऱ्या टोपलीतली. ‘हे सगळं आत्ताचं फॅड’ असं कोणी म्हणालंच तर सांगा, जर्मन नाटककार फ्रांक वेडेकिंडने शाळकरी मुलांच्या याच घुसमटीवरचं नाटक 1891 मध्ये लिहिलं होतं, आणि बर्लिनच्या रंगमंचावर ते यायला 1906 उजाडलं. पोलीस ठाण्याला प्रयोगाची तारीख, वेळ आणि प्रमाणपत्राची प्रत देऊन पोच घ्या.

तारीख निवडताना दहावी-बारावीच्या परीक्षा आणि निकालाचे आठवडे पूर्ण वगळा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत प्रेक्षक तिकडे, गणपतीत ढोलताशे हॉलमध्ये घुसतात. जुलै-ऑगस्ट बरा. पहिले दोन प्रयोग हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात न करता शंभर-दीडशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये करा. तिथे चेहरे दिसतात, आणि कोण उठून बाहेर गेलं हेही दिसतं. जाहिरातीवर वयाची सूचना हवी, 14 वर्षांखालील मुलांनी पालकांसोबत यावं अशी, आणि नाटकात आत्महत्येचा विषय आहे हे साध्या शब्दांत. ‘खळबळजनक’ वगैरे लिहिलंत तर भाऊंना निमंत्रण तुम्हीच पाठवलंत. या प्रकारची बहुतेक भांडणं वीस सेकंदांच्या क्लिपवरून पेटतात, म्हणून प्रेक्षकांचं चित्रीकरण बंद, तालमीतही मुलांचे फोन दाराशी डब्यात.

प्रयोगाच्या रात्री समुपदेशक दाराजवळच्या खुर्चीवर, शेजारी एक रिकामी खोली, पाणी, पंखा. मागच्या पडद्यावर आणि पत्रिकेवर तीन क्रमांक मोठ्या अक्षरांत: मानसिक आधारासाठी टेलि-मानस 14416, मुलांसाठी चाइल्डलाइन 1098, तातडीला 112. नंतरची चर्चा वीस मिनिटं, सूत्रं दिग्दर्शकाकडे नकोत, तो बचावच करत बसतो. कलाकारांना ‘तुझ्या बाबतीत असं झालंय का’ हे कोणी विचारायचं नाही, हा नियम आधी सांगा. एखाद्या मुलाने गर्दीत स्वतःचं काही सांगायला सुरुवात केली तर सूत्रधाराने हळूच थांबवून त्याला समुपदेशकाकडे न्यावं. तिथे शांतपणे ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे, आणि मुलाचं नाव बाहेर फुटू देणं हाही गुन्हा आहे. ‘आधी घरच्यांशी बोलून बघू’ म्हणत आठवडा घालवणाऱ्या संस्था असतात. तुमच्या कमिटीला हे कलम तालमी सुरू होण्याआधी वाचून दाखवा.

ज्यांना हात वर करून बोलायचं नाही त्यांच्यासाठी दाराशी चिठ्ठ्यांची पेटी ठेवाल, ठेवाच. फक्त ती रविवारच्या कमिटी-मीटिंगपर्यंत तशीच बंद राहू देऊ नका. प्रेक्षक बाहेर पडत असतानाच समुपदेशक आणि तुम्ही, दोघींनी मिळून सगळ्या चिठ्ठ्या वाचा. “नाटक छान, आवाज कमी” अशा चाळीस चिठ्ठ्यांमध्ये एखादी वेगळी निघू शकते, आणि ती लिहिणारं मूल कदाचित अजून पार्किंगमध्ये रिक्षाची वाट बघत उभं असेल.